पांढरीची माती वाचणारी माणसं
(कम्युनिटी रेडिओवरून महिला गटांसाठी झालेलं भाषण)

 

आज जरा वेगळ्या कामाबद्दल बोलायचं आहे. जुनी वस्ती शोधणारी, जुनं देऊळ सांभाळून दुरुस्त करणारी, रस्ता किंवा धरण होण्याआधी “इथं जुनं काही आहे का” ते बघणारी माणसं असतात. कोणी पुरातत्त्वज्ञ, कोणी वारसा सल्लागार. तुम्ही म्हणाल, आमचा त्यांच्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो आपल्या पायाखालच्या मातीपासूनच सुरू होतो.

आपली जुनी माणसं शेतीच्या जमिनीला ‘काळी’ म्हणायची आणि वस्तीच्या जागेला ‘पांढरी’. अनेक गावांच्या कडेला, नदीकाठी, एखादं टेकाड असतं. त्याची माती राखट, पांढरट. धाब्याच्या घरावर टाकायला, भिंती सारवायला, नाहीतर शेतात खत म्हणून आपण ती पाट्या भरभरून आणतो. ती माती पांढरी का? कारण तिथं शेकडो वर्षं माणसं राहिली. चुलीची राख, शेण, पडलेल्या मातीच्या भिंती, हाडं, फुटकी भांडी असं सगळं एकावर एक साचत गेलं आणि त्याचं टेकाड झालं. आपल्याला ती माती दिसते. पुरातत्त्वज्ञाला ती लिहून ठेवलेल्या वहीसारखी दिसते.

ही वही वाचायची कशी? मातीच्या घरात राहिलेलीला हे लगेच कळेल. आपण भिंत दरवर्षी पोतेऱ्यानं सारवतो. पोपडा निघाला की आत जुना थर दिसतो, त्याच्या आत आणखी जुना. टेकाडाचंही तसंच. वरचा थर अलीकडचा, खालचा जुना. उत्खनन करणारा माणूस म्हणून फावड्यानं भसाभस खणत नाही. लहान खुरपी आणि ब्रश घेऊन एकेक थर सोलत जातो. प्रत्येक खापर कोणत्या थरात, किती खोलीवर, कशाच्या शेजारी मिळालं ते लिहितो, मोजतो, फोटो काढतो. खापराची किंमत त्या जागेमुळे असते. जागेवरून उचललं की वहीतलं पान फाटलं.

याचं चांगलं उदाहरण पुणे जिल्ह्यातलं आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथं पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या लोकांनी १९६८ ते १९८३ या काळात, दरसाल थोडं थोडं करत, उत्खनन केलं. डॉ. हसमुख सांकलिया, डॉ. मधुकर ढवळीकर आणि डॉ. झैनुद्दीन अन्सारी ही त्यातली मोठी नावं. तिथं साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचं गाव मिळालं. शंभराहून जास्त घरांच्या जमिनी, चुली, धान्य साठवायच्या जागा, इतकंच नाही तर नदीचं पाणी वळवायचा पाट आणि बांधसुद्धा.

आता बघा, हे काम एकट्या माणसाचं नसतं. मातीचे थर वाचणारा एक. खापरं वाचणारी दुसरी. घडण, रंग, नक्षी बघून ती भांड्याचा काळ सांगते. तिसरा धान्याचा जाणकार. चुलीजवळची माती पाण्यात कालवली की जळके दाणे वर तरंगतात, आपण तांदूळ धुताना कोंडा तरंगतो तसे. ते दाणे बघून कळतं की इनामगावात लोक जव खात होते, गहू आणि मसूरही होती. चौथा जनावरांची हाडं ओळखतो आणि पाचवा माणसांची.

या पाचव्याच्या कामाबद्दल थोडं थांबून सांगते. इनामगावात लहान मूल दगावलं की त्याला दोन मडक्यांत, तोंडाला तोंड लावून, घराच्याच जमिनीखाली पुरत. त्या लेकरांचे दुधाचे दात अभ्यासकांनी तपासले. त्यात डॉ. सुभाष वाळिंबे हे मराठी मानववंशशास्त्रज्ञही होते. दुधाचे दात बाळ आईच्या पोटात असतानाच तयार व्हायला लागतात. जन्माच्या आगेमागे आईचं किंवा बाळाचं पोषण कमी पडलं, तर सुळ्यावर बारीक खळगा राहतो. तसे खळगे तिथं मिळाले. बाळंतिणीच्या ताटात तेव्हा काय कमी पडत होतं, ते कुठल्या राजाच्या शिलालेखात लिहिलेलं नाही. ते लेकराच्या दातावर लिहिलेलं होतं, आणि ती मडकी हलवली नव्हती म्हणून वाचता आलं. आपल्यासारख्या बायांचा इतिहास असाच मातीत असतो. माती ट्रॉलीत भरून गेली की तोही गेला.

बायका हे काम करतात का? करतात, आणि आज नाही, केव्हापासून करतात. इरावती कर्वे डेक्कन कॉलेजात होत्या. गुजरातेत लांघणजच्या उत्खननात माणसांच्या सांगाड्यांच्या अभ्यासात त्यांचा सहभाग होता. शोभना गोखले यांनी मुंबईजवळच्या कान्हेरी लेण्यांमधले शिलालेख वाचून त्यांवर ग्रंथ लिहिला. देबला मित्रा तर १९८१ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या महासंचालक झाल्या. तुमच्या मुलीला इतिहासाची किंवा विज्ञानाची गोडी असेल, तर पदवीनंतर पुरातत्त्वशास्त्रात एम.ए. करता येतं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ते शिकवतात. वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, भूगोल शिकलेल्या मुलींनाही या कामात जागा असते.

आता दुसरी माणसं, वारसा सल्लागार. उत्खनन करणारा शोधतो. सल्लागार सांगतो की जे आहे ते वाचवायचं कसं. त्यांच्यात संवर्धन करणारे आर्किटेक्ट असतात. जुनी भिंत पाहून ते सांगतात की इथं सिमेंट नको, चुनाच हवा. का? जुन्या दगडाची भिंत ओल शोषते आणि चुन्याच्या सांध्यांतून बाहेर टाकते. सिमेंटनं सांधे बंद केले की ओल दगडात कोंडते, आणि काही वर्षांत दगडच झिजायला, सुटायला लागतो. म्हणून ते चुना भिजवून, मळून, त्यात गूळ, हिरडा, बेलफळ असं घालून जुन्या पद्धतीनं काम करवून घेतात.

काही सल्लागार मोठ्या प्रकल्पाआधी पाहणी करतात. परदेशात हा मोठा व्यवसाय आहे. अमेरिकेत १९६६ च्या कायद्यापासून, सरकारचा पैसा किंवा परवानगी असलेल्या कामाआधी जुन्या ठिकाणांचा विचार करावा लागतो. इंग्लंडमध्ये १९९० नंतर, बांधकाम करणाऱ्यानंच आधी खणून बघायचा खर्च करावा अशी रीत पडली. आपल्याकडे प्रत्येक कामाआधी अशी सक्ती नाही. केंद्र सरकारनं संरक्षित केलेल्या वास्तूपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. पण गावोगावची पांढरी, वीरगळ, बारव, पडकं देऊळ हे बहुतेक कुठल्याच यादीत नसतं.

यादीत नसलेल्याचं काय होतं, ते धरणांनी दाखवलंय. उजनी धरणाच्या पाण्यात इंदापूर तालुक्यातलं पळसदेवचं जुनं देऊळ गेलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की ते वर दिसतं, लोक बघायला जातात, पाऊस आला की पुन्हा बुडतं. गोव्यात साळावली धरणात कुर्डी गाव बुडालं. पण तिथलं महादेवाचं देऊळ आधी उतरवलं, दगडन् दगड दुसरीकडे नेला आणि देऊळ पुन्हा उभं केलं. असं काम करायचं तर प्रत्येक दगडाला नंबर पडावा लागतो, नकाशा काढावा लागतो, आणि मुख्य म्हणजे पाणी चढायच्या आधी कोणीतरी बोलावं लागतं.

आणि इथंच आपली गरज आहे. सल्लागार गावात दोन-चार दिवस येतो. त्याचे पैसे बहुतेक वेळा प्रकल्प करणाराच देतो. तो नेकीनं काम करणारा असला, तरी त्याला दाखवलं तेवढंच दिसतं. नदीवर आपण धुणं आपटतो तो दगड वीरगळ आहे, खालच्या अंगावर लढाई आणि वर चंद्र-सूर्य कोरलेले आहेत, हे त्याला कोण सांगणार? कोणत्या वावरात नांगराला खापरं लागतात, कुठल्या आडात पायऱ्या आहेत, हे निंदायला आणि पाण्याला जाणाऱ्या बाईला जास्त ठाऊक असतं. ती बोलली नाही, तर अहवालात “येथे काही नाही” असं येतं. एकदा कागदावर ‘काही नाही’ आलं की जेसीबी मोकळा.

तर काय करायचं? सांगते.

पहिलं, गटानं गावाची यादी करावी. वीरगळ, सतीशिळा, लेख कोरलेला दगड, जुनी बारव, गढी, पांढरीचं टेकाड. मोबाइलवर फोटो काढा, जागा लिहा, म्हाताऱ्या माणसांना विचारून तिथलं नाव लिहा. दगडावरची अक्षरं खडूनं गिरवू नका, घासून धुऊ नका, तेल-शेंदूर लावू नका. फोटो सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात काढा, अक्षरं उठून दिसतात. ही यादी ग्रामसभेत मांडून तिची नोंद करून घ्या.

दुसरं, मोठा प्रकल्प यायचा असेल तर पर्यावरणाच्या नियमाखाली जनसुनावणी होते. तिची नोटीस निदान तीस दिवस आधी वर्तमानपत्रात द्यावी लागते. सुनावणीला गटानं जावं, यादीची प्रत लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. तोंडी बोललेलंही इतिवृत्तात आलं का ते बघावं. “पाहणी कोणी केली, कधी केली, गावात कोणाला विचारलं” हे तीन प्रश्न विचारायला शिक्षण लागत नाही.

तिसरं, शेतात किंवा घराच्या पायात काही सापडलं तर. हात लावू नका, आहे तिथं राहू द्या, खणणं थांबवा, तलाठ्याला आणि तहसीलदाराला कळवा. नाणी, दागिने, मूर्ती असं मोलाचं काही असेल तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक आहे. लपवलं तर शिक्षा आहे आणि आपला वाटाही जातो. हो, वाटा असतो! धनाचा मालक कोणी निघाला नाही आणि आपसांत वेगळा करार नसेल, तर सापडणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जमिनीच्या मालकाला एक चतुर्थांश असं तो कायदा सांगतो. सरकारनं वस्तू स्वतःकडे घेतली, तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देतं. सोनाराकडे वितळवलेल्या नाण्याचे फक्त वजनाचे पैसे येतात, आणि पुरावा कायमचा संपतो.

जागेवरून उचलल्यानं काय होतं ते दायमाबादनं दाखवलंय. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी हे गाव आहे. १९७४ साली तिथं एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाची मुळं खणताना चार मोठ्या धातूच्या वस्तू मिळाल्या. बैल जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारही मिळून साठ किलोंहून जास्त. साऱ्या जगातले अभ्यासक त्यांना नावाजतात. पण त्या उत्खननात, थर मोजून निघाल्या नाहीत. म्हणून त्या चार हजार वर्षांच्या आसपासच्या की पुष्कळ अलीकडच्या, यावर अभ्यासकांचे अजून दोन पक्ष आहेत. त्या शेतकऱ्याचा यात काही दोष नाही. झुडूप काढायचं म्हणून त्यानं खणलं. पण आपल्याला आता माहीत आहे, म्हणून आपण थांबू शकतो.

चौथं आणि शेवटचं, जीर्णोद्धार. गावात वर्गणी जमते, देवाचं काम म्हणून बाया मनापासून पैसे देतात. मग जुन्या दगडी देवळाला ऑइलपेंट, खाली टाइल्स, पुढं स्लॅब. मैत्रिणींनो, रंगाखाली कोरीव काम बुजतं, लेख बुजतो, दगडाची ओल कोंडते. आणि रंग खरवडताना दगडाचं सालही निघतं. देवाची सेवा करायची तर आधी गळती थांबवा, कळसावर उगवलेलं पिंपळाचं रोप लहान असतानाच काढा, पाणी वाहून जायची वाट मोकळी करा. मोठं काम असेल तर राज्य पुरातत्त्व विभागाच्या आपल्या भागातल्या कार्यालयाला पत्र द्या, संवर्धनाचं काम केलेल्या आर्किटेक्टला विचारा. त्याला विचारायचं, “यापूर्वी चुन्याचं काम कुठं केलंत? आम्ही जाऊन बघू का?” चांगला माणूस पत्ता देईल. वर्गणी आपली आहे, तर प्रश्न विचारायचा हक्कही आपलाच.

येत्या बैठकीत हिशोबाची वही मिटली की एक कोरी वही उघडा. पहिल्या पानावर गावाचं नाव लिहा, आणि प्रत्येकीनं आपल्या वाटेवरचा एक जुना दगड, एक जुनी जागा सांगा. माहेरचं चाललं तरी ते वेगळ्या पानावर! वही भरायला लागली की आम्हाला रेडिओवर जरूर कळवा.