सामुदायिक रेडिओ : माचनूरचा संगम रेडिओ आणि प्रसारणाचे अर्थकारण

भारतात नभोवाणी दीर्घकाळ शासनाच्या अखत्यारीत राहिली. या व्यवस्थेला वळण देणारी घटना म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचा ९ फेब्रुवारी १९९५ चा निकाल. माहिती व प्रसारण मंत्रालय विरुद्ध क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगाल या खटल्यात न्या. पी. बी. सावंत यांचा समावेश असलेल्या पीठाने प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे स्पष्ट केले. या लहरींवर शासनाचीही मक्तेदारी नसावी आणि खाजगी भांडवलाचीही नसावी. त्यांचा वापर लोकहितासाठी व्हावा, असा या निकालाचा आशय होता.

प्रत्यक्षात मात्र प्रथम वाट मोकळी झाली ती खाजगी क्षेत्राला. लिलावाद्वारे परवाने दिले गेले आणि २००१ मध्ये बंगळुरू येथे पहिले खाजगी एफएम केंद्र सुरू झाले. जाहिरातींवर चालणारी ही केंद्रे स्वाभाविकपणे शहरांत एकवटली. ज्या खेड्यात जाहिरातदाराला ग्राहक दिसत नाही, तेथे केंद्र उभारण्यास बाजारपेठेला कोणतेही प्रयोजन नसते. ही उणीव भरून काढण्यासाठी सामुदायिक रेडिओची संकल्पना पुढे आली.

धोरणाचे टप्पे

१९९६ च्या बंगळुरू जाहीरनाम्यात आणि २००० च्या पस्तापूर जाहीरनाम्यात सामुदायिक रेडिओची मागणी मांडण्यात आली. त्यानंतर केंद्र शासनाने प्रथम केवळ नामवंत शैक्षणिक संस्थांना परवानगी देण्याचे धोरण स्वीकारले. त्यानुसार चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे ‘अण्णा एफएम’ १ फेब्रुवारी २००४ रोजी सुरू झाले. परंतु विद्यापीठाच्या आवारापलीकडील समाजाला या धोरणात स्थान नव्हते. २००६ च्या नोव्हेंबरमध्ये नवी मार्गदर्शक तत्त्वे लागू झाली आणि किमान तीन वर्षे कार्यरत असलेल्या, ना-नफा तत्त्वावर चालणाऱ्या स्वयंसेवी संस्था, तसेच कृषी विद्यापीठे व कृषी विज्ञान केंद्रे यांनाही परवानगी मिळू लागली.

या तत्त्वांनुसार प्रक्षेपकाची प्रभावी शक्ती सर्वसाधारणपणे १०० वॅटपर्यंत मर्यादित असते. किमान ५० टक्के कार्यक्रम स्थानिक समाजाच्या सहभागातून तयार व्हावेत आणि ते शक्यतो स्थानिक भाषेत वा बोलीत असावेत, अशी अपेक्षा आहे.

दहा वर्षांची प्रतीक्षा

धोरणापूर्वीचा आणि धोरणानंतरचा काळ एकाच ठिकाणी पाहावयाचा असेल, तर संगम रेडिओचे उदाहरण बोलके ठरते. झहीराबादजवळील माचनूर हे गाव तेव्हा आंध्र प्रदेशातील मेदक जिल्ह्यात होते. आता ते तेलंगणातील संगारेड्डी जिल्ह्यात आहे. या कोरडवाहू पट्ट्यात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी ही संस्था १९८० च्या दशकापासून गरीब, मुख्यतः दलित महिलांच्या गावपातळीवरील ‘संघम्’मार्फत कार्य करीत आली.

युनेस्कोच्या साहाय्याने १९९८ च्या सुमारास येथे ध्वनिमुद्रणाची सोय झाली. महिलांनी यंत्रे हाताळण्याचे प्रशिक्षण घेतले आणि त्या कार्यक्रम तयार करू लागल्या. मात्र प्रक्षेपणाचा परवाना नव्हता. त्यामुळे ध्वनिफिती गावोगावच्या बैठकांत वाजवून दाखविल्या जात. त्याच काळात कर्नाटकातील कोलार जिल्ह्यात बुदिकोटे येथील ‘नम्म ध्वनी’ने केबलच्या तारेवरून कार्यक्रम घरोघर पोहोचविण्याचा मार्ग शोधला होता. अखेर १५ ऑक्टोबर २००८ रोजी, म्हणजे पहिल्या आंतरराष्ट्रीय ग्रामीण महिला दिनी, संगम रेडिओ ९०.४ मेगाहर्ट्‌झवर सुरू झाला. स्वयंसेवी संस्थेने चालविलेले ते देशातील पहिले सामुदायिक केंद्र होय.

कार्यक्रमांचे स्वरूप

सुरुवातीच्या काळात रोज सायंकाळी, म्हणजे शेतावरची कामे आटोपून महिला घरी परतल्यावर, सुमारे दोन तासांचे प्रसारण होत असे. त्यात संभाषणाला प्रमुख स्थान होते. ज्वारी, राळे, नाचणी यांसारखी पिके, मिश्र पेरणी, घरी बियाणे राखण्याच्या पद्धती, रानभाज्या, आरोग्य, महिलांचे प्रश्न आणि सणांची गाणी हे विषय त्या भागातील तेलुगू बोलीत मांडले जात. ज्ञान सांगणारी शेतकरी महिला आणि ते ऐकणारी महिला एकाच परिसरातील असल्यामुळे शंका विचारणे व अनुभव पडताळून पाहणे सोपे झाले. महाराष्ट्रातही सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे २००८ मध्येच ‘माणदेशी तरंग’ हे केंद्र सुरू झाले.

आर्थिक प्रश्न

अर्थशास्त्राच्या परिभाषेत रेडिओ प्रसारण ही सार्वजनिक वस्तू आहे. एकाने ऐकल्याने दुसऱ्याच्या वाट्याचे कमी होत नाही आणि खुले प्रसारण ऐकणाऱ्याकडून शुल्क वसूल करता येत नाही. बियाणे जतन करण्याविषयीच्या एका चर्चेचा लाभ अनेक शेतांना होतो, पण त्याची किंमत केंद्राच्या तिजोरीत जमा होत नाही. म्हणूनच वीज, दुरुस्ती आणि मानधन यांचा नियमित खर्च कोणी उचलावा, हा कळीचा प्रश्न ठरतो.

२००६ च्या तत्त्वांनी ताशी ५ मिनिटे जाहिरातींना मुभा दिली. ही मर्यादा पुढे ७ मिनिटे आणि २०२४ च्या सुधारित तत्त्वांनुसार १२ मिनिटे झाली. शासकीय जाहिरातींचा दरही वाढवून १० सेकंदांस ७४ रुपये करण्यात आला. तथापि जाहिरातींवरील अवलंबित्व वाढल्यास कार्यक्रमांचा कल बदलण्याचा धोका संभवतो, तर केवळ देणग्यांवर विसंबल्यास प्रकल्प संपताच केंद्र बंद पडण्याची भीती असते. स्वतंत्र वृत्तप्रसारणाची अनुमती नसल्याने पंचायतीच्या कारभारासारख्या निकटच्या विषयांवरही मर्यादा येतात.

२०२४ च्या प्रारंभी देशात ४८० हून अधिक सामुदायिक केंद्रे होती. ६ लाखांहून अधिक खेड्यांच्या देशात ही संख्या अल्पच म्हणावी लागेल. केंद्रांची संख्या वाढविताना त्यांच्या दैनंदिन खर्चाची तरतूद आणि व्यवस्थापनातील स्थानिकांचा वाटा या दोन्ही बाबी सुरक्षित राहिल्या, तरच १९९५ च्या निकालातील लोकहिताचे तत्त्व माचनूरसारख्या गावांपर्यंत खऱ्या अर्थाने पोहोचू शकेल.