सापसुरळी दिसली? आधी पाय बघा!

मिरगाच्या दोन-चार सरी नुकत्याच पडून गेल्या होत्या. मागल्या दारी धुण्याच्या दगडाशी मी भांडी विसळत होते. एवढ्यात दगडाखालून काहीतरी तुळतुळीत, तपकिरी असं सर्रकन् निघालं आणि अळवाकडे वळलं. मी हातातलं पातेलं टाकून ‘साप! साप!’ म्हणून ओरडले. पुतण्या काठी घेऊन धावत आला आणि एका घावात त्याने ते संपवलं.

“काकू, साप कसला? पाय आहेत की याला!”

मग मी जवळ जाऊन पाहिलं. खरंच, चार इवलेसे पाय होते. शेपटी तुटून बाजूला पडली होती आणि अजून वळवळत होती. पोट फुटलं होतं, त्यातून चिंचोक्याएवढी पांढरी अंडी बाहेर आली होती. आवाज ऐकून सासूबाई दारात आल्या. एरवी सापसुरळीचं नाव काढलं तरी अंग झटकणाऱ्या त्या, पण या वेळी एवढंच म्हणाल्या, “अगं, पोटुशी होती की ती!” त्या दिवशी जेवण कुणालाच गोड लागलं नाही.

सापसुरळीला काही घरांत सापाची मावशी म्हणतात. तिच्याबद्दल मी लहानपणापासून काय काय ऐकलं होतं! ती सापाहून विषारी, ती अंगावरून गेली तर कातडीवर चट्टे उठतात, ती चावली की माणूस पाणीसुद्धा मागत नाही. यातलं काहीही खरं नाही. सापसुरळीला विष नसतं. दात असतात, पण ते किडे धरण्यापुरते. फार दाबून धरली तर ती बोटाला चिमटा काढील, तेवढंच. ती जागा साबणाने स्वच्छ धुवावी म्हणजे झालं. आम्ही मात्र पिढ्यान्पिढ्या तिला ठेचत आलो.

पुतण्या तालुक्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकतो. मला लागलेली रुखरुख त्याच्या ध्यानात आली असावी. तो म्हणाला, “मेलीच आहे, तर निदान कोण होती ते तरी बघू या.” मग वर्तमानपत्राच्या कागदावर ती ठेवली, सासूबाईंचं पोथी वाचायचं भिंग घेतलं आणि आम्ही दोघं ओसरीवर बसलो.

उघड्या डोळ्यांना तिची पाठ काचेसारखी गुळगुळीत दिसते. भिंगाखाली मात्र कौलांवर कौलं रचावीत तशी खवल्यांची रांग दिसली. आणि त्या प्रत्येक खवल्यावर बारीक, उभ्या धारा! आमच्या पाहुणीच्या खवल्यावर त्या तीन होत्या. पुतण्या म्हणाला, “आता कमरेभोवतीच्या ओळी मोजायच्या.” विणकामातले टाके मोजावेत तसे टाचणीच्या टोकाने मी ते मोजले. दोनदा चुकले, तिसऱ्यांदा बत्तीस भरले. पुस्तकात तीस ते चौतीस दिलं होतं. शरीर वीतभराहून थोडं कमी, शेपटी धरली तर फुटाजवळ. डोळ्यामागून मांडीपर्यंत दोन्ही अंगांना फिकट पिवळसर पट्टा. म्हणजे ही आपली सर्वत्र आढळणारी, मोठी, धारदार खवल्यांची सापसुरळी. शास्त्रीय नाव युट्रोपिस कॅरिनाटा. कॅरिनाटा म्हणजे धार असलेली.

गंमत म्हणजे पुतण्याच्या जुन्या पुस्तकात तिचं नाव माबुया कॅरिनाटा असं होतं. २००२ साली शास्त्रज्ञांनी आनुवंशिक तपासणी करून दाखवलं, की माबुया नावाखाली जगभरच्या सापसुरळ्यांची खोगीरभरती झालेली आहे. मग माबुया हे नाव अमेरिकेकडच्या सापसुरळ्यांना राहिलं आणि आशियातल्यांना युट्रोपिस हे वेगळं नाव मिळालं. आपल्याला लग्नात नाव बदलायची सवय आहे, तेव्हा यात नवल ते काय! पण दुसरं नाव, कॅरिनाटा, हे मात्र १८०१ पासून तिच्यापाशी तसंच आहे. तेवढं भाग्य आपल्यातल्या कितीजणींना लाभलं?

हे खवले मोजण्याचं काम हिंदुस्थानातल्या सरड्या-पालींसाठी जुन्या काळी ज्यांनी नेटाने केलं, त्यांत माल्कम स्मिथ हे एक नाव. हे गृहस्थ मूळचे डॉक्टर, सयामच्या राजदरबारी नोकरीला होते. त्यांचा सरडे-पालींवरचा ग्रंथ १९३५ साली निघाला. अजून अभ्यासक तो उघडतात. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९८३ साली जे. सी. डॅनियल यांचं पुस्तक काढलं, ते आपल्यासारख्यांना अधिक सोपं.

सापसुरळ्या जगात सतराशेहून जास्त जातींच्या आहेत. आपल्या परसदारी त्यांतल्या दोन-तीनच येतात, तेव्हा घाबरून जायला नको. मोठीची लहान बहीण म्हणावी अशी एक कांस्य रंगाची असते. अंगाने बारीक, कुशीवर काळसर रंगात पांढरे ठिपके, आणि खवल्यावर धारा पाच किंवा त्याहून जास्त. तिला रानातला पातेरा, ओढ्याकाठची ओल जास्त मानवते. विणीच्या दिवसांत नराच्या अंगावर लाली चढते. ती पाहून ‘हा विषारी प्रकार’ असं आमच्याकडे खुशाल सांगतात, पण तो बिचाऱ्याचा लग्नातला शेला!

तिसरी मात्र फसवी. हिच्या खवल्यांना धारा नसतात, अंग लांबट आणि पाय अगदी नावाला. मऊ माती, कुजका लाकूडफाटा, कुंडीखालची ओल, अशा ठिकाणी ती राहते. धावायची वेळ आली की पाय अंगाशी चिकटवून थेट सापासारखी वळवळत जाते. हिच्यातल्या ठिपकेवालीच्या पिल्लांची शेपटी लालभडक असते. मुलं ती धरायला धावतात आणि शेपटीच तेवढी हातात येते. शत्रूचं लक्ष त्या नाचणाऱ्या लाल तुकड्याकडे जावं आणि जीव वाचावा, अशी ती निसर्गाची युक्ती आहे. शेपटी पुन्हा येते, पण आत पूर्वीसारखी मणक्यांची साखळी नसते, कुर्चेची एक कांडी असते. रंगही थोडा वेगळा. ठिगळ लावलेलं लुगडं ओळखू यावं तशी नवी शेपटी ओळखू येते.

गावांची नावंही या मंडळींना मिळाली आहेत. गडचिरोलीतल्या आलापल्लीच्या जंगलावरून एकीला अलापल्लेन्सिस नाव पडलं. १९२६ साली कार्ल श्मिट या अमेरिकन शास्त्रज्ञाने ते दिलं. (हाच श्मिट पुढे १९५७ साली आफ्रिकेतला एक साप चावून गेला, आणि शेवटपर्यंत स्वतःच्या लक्षणांची टिपणं लिहीत होता. काय म्हणावं या माणसांना!) गोव्याच्या नावाचीही एक आहे, गोवाएन्सिस, १९७६ सालची. आणि ओडिशातल्या चिलिका सरोवरात बारकुडा नावाचं बेट आहे, तिथल्या सापसुरळीला तर पायच नाहीत! नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी १९१७ साली तिची नोंद केली. सुदैवाने ती आपल्याकडे नाही, नाहीतर मी पुढे सांगणार आहे ते सारं मुसळ केरात गेलं असतं.

कारण माझी पुढची चूक पहिलीच्या अगदी उलट होती.

एवढं सगळं शिकल्यावर मला शिष्टपणा चढला होता. त्याच श्रावणात एका रात्री वीज गेलेली. न्हाणीघरात बादलीच्या कडेला काहीतरी चकचकीत हललं. चकाकतंय, वळवळतंय, म्हणजे सापसुरळीच, पावसाने आत आली असेल, असं म्हणून मी अंधारातच केरसुणी घेऊन वाकले. लेक बॅटरी घेऊन मागे उभी होती. तिने उजेड टाकला. काळंनिळं अंग आणि त्यावर पांढरे बारीक आडवे पट्टे. पाय नव्हते. ती मण्यार होती.

केरसुणी तिथेच टाकून मी मागे सरले, दार लावून घेतलं, दाराच्या फटीला ओलं पोतं लावलं आणि सर्पमित्राला बोलावणं धाडलं. तो येईपर्यंतचा पाऊण तास मी विसरणार नाही. मण्यारीचा दंश पुष्कळदा दुखतही नाही, सूजही येत नाही. मग पोटात कळ येते, पापण्या जड होतात, श्वास अडतो. हे ज्याला माहीत नाही तो सकाळपर्यंत थांबतो. तेव्हा रात्री काही चावल्याची नुसती शंका आली, तरी मंत्र-तंत्र, चिरे पाडणं यात वेळ न घालवता थेट सरकारी इस्पितळ गाठावं. सापाच्या विषावरचं औषध तिथेच मिळतं.

म्हणून सांगते, चकाकी आणि वळवळ यांवर जाऊ नका. आधी पाय बघा, आणि तेही चार हात लांबून, उजेडात. पाय दिसले की जीव भांड्यात पडू द्यावा. पाय दिसले नाहीत, किंवा नुसती शेपटीच दिसली, तर साप समजून दूर व्हावं. दुसरी खूण म्हणजे डोळे. सापसुरळी पापण्या मिटते, सापाला पापण्या नसतात, आणि आपली भिंतीवरची पालही डोळे मिटत नाही. डोळ्यामागे कानाचं भोकही सापसुरळीला असतं. पण हे बघायला जवळ जावं लागतं, तेव्हा ते पाय दिसल्यावरच. तिसरी गोष्ट वेळेची. मोठी सापसुरळी दिवसाउजेडी, उन्हात हिंडते, दगडावर अंग शेकते. रात्री न्हाणीत तुळतुळीत काही दिसलं, तर ती असेल असं धरून चालू नका. आणि कात! सापाची कात पुष्कळदा अख्खी, मोज्यासारखी निघते. सापसुरळीची तुकड्यातुकड्यांनी गळते. अडगळीत सबंध कात सापडली, तर ती खोली मुलांना बंद.

सापसुरळी राहते कुठे, तर जांभ्याच्या गडग्यात, फटींत, केळीच्या आळ्यातल्या पालापाचोळ्यात, रचून ठेवलेल्या सरपणाखाली. टोळ, झुरळं, वाळवी, सुरवंट, कोळी हे तिचं जेवण. मी तिला बोलावणं पाठवा म्हणत नाही. पण गडग्यापाशी आहे, तर असू द्यावी. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी, काही साप सापसुरळ्या खातात. म्हणून सरपण आणि विटांचे ढीग भिंतीला टेकून रचू नयेत, घरापासून लांब, परसाच्या टोकाला न्यावेत. तीही तिकडे जाईल, तिचे पाहुणेही.

घरात आलीच, तर तिच्यामागे धावू नये. ती घाबरून कपाटाखाली शिरते आणि मग दिवसभर सगळ्यांचा जीव टांगणीला. बाहेरचं दार उघडावं, बाकीची लावावीत, आणि लांब दांड्याच्या झाडूने हळूहळू उजेडाकडे वळवावं. शेपटीला हात लावू नये. तिने तोंड घातलेलं दूध-अन्न टाकून द्यावं, ते विषामुळे नव्हे, तर अंगावरून येणाऱ्या जंतूंमुळे. मुलांनी हाताळली असेल, तर साबणाने हात धुवायला लावावेत.

ती अंडी आम्ही त्या दिवशी अळवाच्या आळ्यात पुरली. त्यांतून काही निघणार नव्हतंच, पण सासूबाईंनी वर एक कौल ठेवलं.

यंदा मिरगानंतर पहिलं ऊन पडलं तेव्हा धुण्याच्या दगडावर दोन बोटं लांबीचं एक पिल्लू अंग पसरून बसलं होतं. सासूबाई पिळ्यांची बादली घेऊन आल्या आणि थबकल्या. मला वाटलं, आता हाक मारणार. त्यांनी बादली खाली ठेवली, चष्मा नीट केला आणि वाकून बघत म्हणाल्या, “पाय आहेत ग हिला. चार.” मग तिथेच पाट घेऊन बसल्या. धुणं त्या दिवशी अर्धा तास उशिराने वाळत पडलं.