डागडुजी लहान, दुखणे मोठे : घरदुरुस्तीचा खर्च का वाढतो?

पावसाळा सरला की घरोघरी डागडुजीची कामे निघतात. छताचा सुटलेला पोपडा, न्हाणीघरातील सैल झालेली लादी किंवा ठिबकणारा नळ अशी कामे गवंडी वा प्लंबरला बोलावून दोन दिवसांत उरकण्याचा बेत असतो. प्रत्यक्षात पोपडा काढताच आतील गंजलेल्या सळया दिसू लागतात आणि काही हजारांचे काम लाखाच्या घरात जाते. कारागिराने मुद्दाम काम वाढवले, अशी शंका अशा वेळी घेतली जाते. ती काही वेळा खरीही असते. तथापि, बरेचदा बिघाड कित्येक वर्षे आतल्या आत वाढत आलेला असतो. दुरुस्तीमुळे तो केवळ उघडा पडतो.

नळाचा आटा बदलताना जुनी जस्तलेपित वाहिनीच मोडून हातात येणे, बटण बदलताना भिंतीतील तारांचे आवरण भुगा झाल्याचे दिसणे किंवा दाराची बिजागरी बसवताना चौकट वाळवीने पोखरल्याचे कळणे, हे अनुभव सर्वपरिचित आहेत. यांत सर्वाधिक खर्चिक आणि धोकादायक बाब म्हणजे काँक्रीटमधील सळयांचा गंज.

पोपडा का सुटतो?

चांगले काँक्रीट अत्यंत अल्कधर्मी असते. त्याचा सामू साधारणतः १२.५ ते १३ असतो. या अल्कतेमुळे पोलादी सळईभोवती एक अतिसूक्ष्म संरक्षक थर तयार होतो आणि सळई गंजत नाही. हे संरक्षण दोन कारणांनी नाहीसे होते. हवेतील कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये हळूहळू मुरत जातो आणि त्याचा सामू ९ च्याही खाली येतो. या क्रियेस कार्बोनेशन म्हणतात. दुसरे कारण म्हणजे क्षार. समुद्राकाठची खारी हवा, बांधकामात वापरलेले खारे पाणी किंवा न धुतलेली वाळू यांतून आलेले क्लोराइड सळईपर्यंत पोचले की अल्कता शाबूत असूनही गंज सुरू होतो.

गंजाचे आकारमान मूळ पोलादाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत असू शकते. फुगलेली सळई भोवतालच्या काँक्रीटला आतून रेटते. प्रथम सळईच्या रेषेत बारीक भेग पडते, मग तांबूस डाग उमटतो आणि अखेरीस पोपडा गळून पडतो. म्हणजेच पोपडा पडणे ही या प्रक्रियेची सुरुवात नसून बरीच पुढची अवस्था असते.

सळईवरील काँक्रीटचे आवरण किती जाड आहे, यावर हा काळ अवलंबून असतो. भारतीय मानक आय.एस. ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीने सौम्य हवामानासाठी किमान २० मिलिमीटर, तर किनारपट्टीसारख्या तीव्र परिस्थितीसाठी ४५ मिलिमीटर आवरण सांगितले होते. अनेक जुन्या इमारतींत ते याहून बरेच कमी आढळते.

डाग एकीकडे, पाणी दुसरीकडे

न्हाणीघराच्या छतावर ओल दिसली की वरच्या सदनिकेतील लाद्यांच्या सांध्यांत पांढरे सिमेंट भरले जाते. पाणी मात्र नहाणी ट्रॅपच्या सांध्यातून, भिंतीत दडलेल्या नळातून किंवा बाहेरील सांडपाण्याच्या वाहिनीतून येत असू शकते. स्लॅबमधून वाट काढत ते उगमापासून काही फूट दूर प्रकट होते. उगम न शोधता खालून गिलावा केल्यास डाग झाकला जातो. ओल आणि गंज तसेच राहतात.

केवळ पडलेल्या भागापुरते ठिगळ लावण्यातही एक अडचण आहे. भोवतालच्या काँक्रीटमध्ये क्षार शिल्लक असतील तर नव्या ठिगळाच्या कडेलगत गंजाचा वेग वाढतो. काही वर्षांतच ठिगळाशेजारी पुन्हा भेग पडण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

गुरुग्रामची दुर्घटना

हरियाणातील गुरुग्राम येथील चिंटेल्स पॅराडिसो या बहुमजली संकुलात १० फेब्रुवारी २०२२ रोजी सहाव्या मजल्यावरील एका सदनिकेत फरशी बदलण्याचे काम सुरू होते. त्या वेळी तेथील स्लॅब कोसळला आणि त्याखालील मजल्यांचे स्लॅब पहिल्या मजल्यापर्यंत एकामागून एक खाली आले. या दुर्घटनेत दोन महिलांचा मृत्यू झाला. त्यानंतर दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने केलेल्या तपासणीत काँक्रीटमध्ये क्लोराइड असल्याचे आणि सळया गंजल्याचे आढळले. ती इमारत वास्तव्यास असुरक्षित ठरली. पुढे संकुलातील अन्य इमारतींबाबतही असेच निष्कर्ष निघाले. विशेष म्हणजे ही वसाहत जुनी नव्हती आणि समुद्रापासूनही दूर होती.

मुंबईत घाटकोपर येथे २५ जुलै २०१७ रोजी चार मजली इमारत कोसळून १७ जणांचा बळी गेला. तेथे तळमजल्यावर फेरबदलाचे काम सुरू होते आणि त्यात खांबांना धक्का लावल्याचा आरोप झाला. आधीच दुबळ्या झालेल्या किंवा ज्याची अवस्था ठाऊक नाही अशा सांगाड्यावर हातोडा चालवणे किती धोक्याचे असते, हे या दोन्ही घटनांवरून दिसते.

आधी तपासणी, मग तोडफोड

छतावर लहान हातोडीने टकटक केल्यास पोकळ भागाचा आवाज वेगळा येतो. या साध्या परीक्षेतून बाधित क्षेत्राचा प्राथमिक अंदाज मिळतो. त्यापुढील तपासण्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घ्याव्या लागतात. रिबाउंड हॅमरने पृष्ठभागाचा कठीणपणा, तर ध्वनितरंगांच्या वेगावरून काँक्रीटची एकसंधता जोखली जाते. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिनचे द्रावण फवारले असता अल्कधर्मी भाग गुलाबी होतो आणि कार्बोनेशन झालेला भाग रंगहीन राहतो. विद्युत विभव मापनावरून सळई गंजत असण्याची शक्यता कळते.

दुरुस्तीचा क्रमही महत्त्वाचा असतो. प्रथम पाण्याचा उगम बंद करणे, स्लॅबला टेकू देणे, सैल काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत काढणे, गंज साफ करून गंजरोधक लेप देणे, फार झिजलेल्या सळईला नव्या सळईची जोड देणे आणि मग पॉलिमरयुक्त मसाल्याने भाग भरणे, असा हा क्रम आहे. यातील टेकू व सळईची जोड हे टप्पे गाळले की अंदाजपत्रक कमी दिसते. मात्र तीच दुरुस्ती पुन्हा करावी लागण्याची शक्यता वाढते.

खर्च कोणाचा?

महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची तसेच बाहेरील सामाईक वाहिन्यांची गळती संस्थेने स्वखर्चाने दुरुस्त करावयाची असते. सदनिकेतील शौचालय, मोरी इत्यादींमधील गळतीचा खर्च संबंधित सभासदावर येतो. त्यामुळे उगम निश्चित करणे हे तांत्रिकच नव्हे, तर आर्थिक वाद मिटवण्याचेही साधन ठरते. याच उपविधींत १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतींची दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतींची दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी करण्याची तरतूद आहे.

नव्या घरांबाबत देशभर लागू असलेल्या स्थावर संपदा अधिनियम, २०१६ मधील तरतूद उपयोगी पडते. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत संरचनात्मक दोष निदर्शनास आणून दिल्यास विकासकाने तो ३० दिवसांच्या आत विनामूल्य दूर करणे बंधनकारक आहे. यासाठी दोषाची छायाचित्रे, दिनांक आणि लेखी तक्रारीची पोच जपून ठेवणे आवश्यक असते. दुरुस्तीच्या घाईत हा पुरावाच गिलाव्याखाली झाकला जाण्याची शक्यता असते.

पोपडा पडल्यावर गवंड्याचा दर विचारण्यापूर्वी पाणी कोठून येते, बाधित भाग किती आहे आणि तो स्लॅब, तुळई वा खांब यांपैकी कशाचा आहे, ही माहिती हाती असणे हिताचे ठरते. खांब किंवा तुळईवर उभी भेग अथवा गंजाचे डाग दिसल्यास काम थांबवून संस्थेस आणि अभियंत्यास तत्काळ कळवावे. गिलाव्याचे काम त्यांच्या पाहणीनंतरच हाती घ्यावे.