गावात राहून ‘बिझनेस कन्सल्टंट’ होता येतं का? काम काय, पैसे किती आणि सुरुवात कुठून करायची

बीड : बिझनेस कन्सल्टंट म्हटलं की डोळ्यासमोर पुण्या-मुंबईचं काचेचं ऑफिस येतं. पण आपल्या जिल्ह्यातही या कामाला मागणी आहे. कुणाला डाळमिल टाकायचीय, कुणाला खवा भट्टी वाढवायचीय, बचत गटाला मसाल्याचा ब्रँड करायचाय. इच्छा आहे, जागाही आहे, पण बँकेत फाईल अडते. ही अडचण सोडवतो तोच व्यवसाय सल्लागार.

काम नेमकं काय?

अनेकांना वाटतं की सल्लागार म्हणजे फाईल करून देणारा. ते अर्धंच काम झालं. धंदा चालेल का, हे आकड्यांत तपासून खरं सांगणं हे त्याचं मुख्य काम. त्यानंतर प्रकल्प अहवाल, बँकेच्या शंकांची उत्तरं, उद्यम नोंदणी, अन्न परवाना आणि पुढे माल विकायची वाट, हे सगळं येतं.

आपल्या बीडच्या सीताफळाचंच उदाहरण घ्या. बालाघाटच्या डोंगरातल्या या फळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. फळ तोडल्यावर दोन-तीन दिवसांत पिकतं, म्हणून गर काढून गोठवायचा धंदा चांगला वाटतो. आता हिशेब करू. समजा फळ 30 रुपये किलोने घेतलं आणि 100 किलोतून 35 किलो गर निघाला. म्हणजे एक किलो गराला नुसतं फळच 86 रुपयांचं पडलं. त्यावर मजुरी, पॅकिंग, डीप फ्रीजरची वीज.

खरी मेख पुढेच आहे. हंगाम दोन-अडीच महिन्यांचा आणि बँकेचा हप्ता बारा महिन्यांचा! 9 लाखांचं कर्ज 5 वर्षांसाठी 11 टक्क्यांनी धरलं तर महिन्याला साधारण साडेएकोणीस हजार हप्ता बसतो. उरलेले नऊ महिने मशीनवर काय चालणार? पेरू, जांभूळ, आंबा? गर कोण घेणार, आइस्क्रीमवाला की हॉटेलवाला? हे प्रश्न कर्जाआधी विचारतो तो सल्लागार. कर्ज मंजूर झालं की फोन उचलत नाही तो नुसता एजंट.

पैसे कुठून मिळतात?

सरकारी चौकटीतली एक वाट म्हणजे ‘जिल्हा संसाधन व्यक्ती’. केंद्राने 2020 मध्ये प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजना आणली. प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख रुपये अनुदान. स्वतःचा वाटा किमान 10 टक्के. ‘एक जिल्हा एक उत्पादन’मध्ये बीडसाठी सीताफळ आहे. राज्यात ही योजना कृषी विभागामार्फत चालते.

या योजनेत उद्योजकाला मदत करणाऱ्या संसाधन व्यक्तीला मंजूर कर्ज प्रकरणामागे 20 हजार रुपये मोबदला ठरलेला आहे. निम्मे पैसे बँकेने कर्ज मंजूर केल्यावर. उरलेले निम्मे युनिट उभं राहून नोंदण्या, अन्न सुरक्षेचे नियम आणि प्रशिक्षण पूर्ण झाल्यावर. म्हणजे नियमच सांगतो की मंजुरी म्हणजे काम अर्धंच झालं. हा मोबदला योजनेतून मिळतो, अर्जदाराकडून घ्यायचा नसतो.

त्यासाठी अन्न तंत्रज्ञानाची पदवी किंवा पदविका आणि अनुभव लागतो. असा उमेदवार मिळाला नाही तर बँकिंग, प्रकल्प अहवाल आणि प्रशिक्षणाचा अनुभव असणाऱ्यांचाही विचार होतो. योजनेची मुदत 2025-26 पर्यंत दिलेली आहे. म्हणून आता नेमणुका सुरू आहेत का, हे जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात आधी विचारून घ्या.

कृषी पदवीधर असाल तर

2002 पासून अॅग्री क्लिनिक योजना आहे. हैदराबादच्या ‘मॅनेज’ संस्थेच्या देखरेखीखाली 45 दिवसांचं मोफत प्रशिक्षण मिळतं. त्यानंतर स्वतःचं शेती सल्ला केंद्र काढायला 20 लाखांपर्यंतच्या प्रकल्पाला कर्ज आणि 36 टक्के अनुदान. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी 44 टक्के.

सुरुवात अशी करा

1. एकच धंदा निवडा. दूध, डाळ, मसाले, काहीही. दोन-तीन चालू युनिटवर जाऊन महिनाभर खर्च-विक्री लिहून काढा. बंद पडलेलं एखादं युनिटही बघा, ते जास्त शिकवतं.
2. एक्सेलमध्ये नफा-तोटा, हप्ता आणि खेळतं भांडवल मांडायला शिका. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र आणि आरसेटीची प्रशिक्षणं विचारा.
3. पहिली दोन-तीन कामं ओळखीत, कमी फीमध्ये करा. पण ती शेवटपर्यंत न्या.
4. फी कागदावर लिहून द्या. अहवालाचे किती, नोंदणीचे किती, नंतरच्या मार्गदर्शनाचे किती.
5. ऑडिट आणि सीएची सही लागते तिथे सीएकडेच पाठवा.

‘नाही’ म्हणायला शिका

पहिल्या वर्षी पोटापुरतं मिळेलच असं नाही. म्हणून शेती किंवा चालू काम लगेच सोडू नका. तालुक्यात हा धंदा तोंडी ओळखीवर चालतो. एक युनिट नीट चाललं तर चार माणसं आपोआप येतात, एक बुडालं तर गावभर होतं. जो धंदा चालणार नाही त्याची फाईल करू नका. त्या दिवशी फी जाते, नाव राहतं.

सल्ला घेणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवा

उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत आहे. अन्न प्रक्रिया योजनेचं अनुदान हातात येत नाही. ते बँकेत वेगळ्या खात्यात राहतं आणि तीन वर्षांनी, खातं नियमित व युनिट चालू असेल तरच कर्जात जमा होतं. त्यामुळे ‘अनुदान काढून देतो, त्यातले इतके टक्के द्या’ म्हणणाऱ्याला एकच प्रश्न विचारा : ‘तीन वर्षं माझं युनिट कसं चालेल, ते सांगता का?’ उत्तर देता आलं तर पुढे बसा. नाही आलं तर चहा पाजून वाटी लावा.