मळवलीच्या शिळेवरील गायिका

कुंडलिका नदीने जालना शहराचे जुने आणि नवीन असे जे दोन भाग केले आहेत, त्यांपैकी नवीन जालन्याच्या पेठांतून फिरताना अजूनही खाली पेढी आणि वर बिऱ्हाड अशा बांधणीची, सागवानी खांबांची, जाड भिंतींची घरे दृष्टीस पडतात. परंतु त्या घरांच्या आता वाटण्या होऊ लागल्या आहेत, काही पाडलीही जात आहेत, आणि घर रिकामे करण्याची वेळ आली म्हणजे माळ्यावरून तांब्यापितळेच्या भांड्यांबरोबर धुळीने माखलेल्या पाच-सात तसबिरी हटकून खाली येतात. त्यांतल्या देवांच्या तसबिरींची काच फुटली असली तरी त्या कोणी केरात टाकत नाही. त्या पिंपळाच्या पारावर नेऊन ठेवल्या जातात किंवा नदीत सोडल्या जातात. ज्या तसबिरींत देव ओळखू येत नाही, एखादी स्त्री नुसतीच वीणा घेऊन बसलेली किंवा चांदण्यात विसावलेली दिसते, त्यांच्या वाट्याला मात्र एवढाही मान येत नाही. त्यांची चौकट आणि काच भंगारवाल्याच्या तागडीत जाते आणि आतला कागद कोठे जातो याची विचारपूस कोणी करीत नाही. त्या कागदांपैकी काहींवर एका थोर गायिकेचा चेहरा आहे, अशी समजूत गेली अनेक दशके चालत आली आहे, आणि ती समजूत कितपत खरी मानावी हा प्रश्न वाटतो त्याहून बराच गुंतागुंतीचा आहे.

ही गायिका म्हणजे अंजनीबाई मालपेकर. त्यांचा जन्म १८८३ साली गोव्यात झाला आणि बालवयातच मुंबईत उस्ताद नझीर खाँ यांच्याकडे त्यांची तालीम सुरू झाली. छज्जू खाँ, नझीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ हे तिघे बंधू उत्तरेकडून, मुरादाबादच्या बाजूने, मुंबईत येऊन भेंडीबाजारच्या परिसरात स्थायिक झालेले असल्यामुळे त्यांच्या गायकीला भेंडीबाजार घराणे हे नाव पडले. दीर्घ श्वासाची आलापी आणि सरगमांची अंकगणिती मांडणी ही त्या गायकीची खूण. सोळाव्या वर्षी, म्हणजे १८९९ मध्ये, अंजनीबाईंनी पहिली जाहीर मैफल केली, आणि त्यानंतर थोड्याच काळात त्यांच्या स्वराइतकीच त्यांच्या रूपाचीही वाखाणणी मुंबईच्या रसिकांत होऊ लागली. राजा रविवर्मा आणि महादेव विश्वनाथ धुरंधर या दोन्ही चित्रकारांना त्या रूपाने आकर्षित केले, असे त्यांच्याविषयीच्या बहुतेक लेखनात नमूद असते.

रविवर्म्यांचे चित्र आणि जालन्याची भिंत यांच्यामध्ये जो दुवा आहे तो मात्र कुंचल्याचा नसून छापखान्याचा आहे. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या संस्थानांची दिवाणगिरी केलेल्या सर टी. माधवराव यांनी रविवर्म्यांना पूर्वीच सुचविले होते की, तुमच्या चित्रांना एवढी मागणी आहे की तुमचे दोन हात तिला पुरे पडणार नाहीत, तेव्हा निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत प्रती काढवून घ्याव्यात. रविवर्म्यांनी पुढे त्याहून मोठा घाट घातला आणि १८९४ साली मुंबईतच जर्मन यंत्रे व जर्मन कारागीर आणून स्वतःचा शिळाछापखाना उभारला. शकुंतलेच्या जन्माचे चित्र हे त्याचे पहिले अपत्य. पुढे मुंबईत प्लेगने थैमान घातले, माणसे शहर सोडून पळू लागली आणि छापखान्याचे कामही विस्कळीत झाले. तेव्हा १८९९ च्या सुमारास तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलविण्यात आला. धंद्याची गणिते चित्रकाराला जमली नाहीत, कर्ज वाढत गेले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीच हा छापखाना चित्रांच्या हक्कांसकट फ्रिट्झ श्लायशर या तेथीलच जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. रविवर्मा १९०६ मध्ये निवर्तले. छापखाना मात्र त्यांच्या नावाने पुढे कित्येक दशके चालला आणि १९७२ साली लागलेल्या आगीत त्याची अखेर झाली. 

या छपाईची रीत आजच्या यंत्रयुगात जवळजवळ अविश्वसनीय वाटावी अशी होती. बव्हेरियातून येणाऱ्या गुळगुळीत चुनखडी शिळेवर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र काढावयाचे, मग शिळा पाण्याने भिजवावयाची. तेलकट रेषा पाणी नाकारतात आणि शाई धरतात, कोरी शिळा पाणी धरते आणि शाई नाकारते, या एवढ्याशा नैसर्गिक वैरावर सारा कारखाना चाललेला असे. परंतु एका शिळेतून एकच रंग उतरतो. म्हणून चित्रात जितके रंग तितक्या शिळा, आणि प्रत्येक शिळेवर त्या रंगापुरता भाग कारागिराने सुईच्या अग्राएवढे ठिपके देत हाताने उतरविलेला. गालावरची छटा म्हणजे अशा ठिपक्यांचे तीन-चार थर एकमेकांवर अचूक बसलेले. शेवटी वार्निशाचा हात फिरवीत, काही प्रतींवर कॅनव्हासाच्या विणीचा ठसाही उमटवीत, म्हणजे कागद तैलचित्राचा आव आणू लागे. मूळ चित्र एकाच राजवाड्यात राहते. या शिळांमुळे ते अशा घरांत पोचले, ज्या घरांनी चित्रकार हा प्राणी कधी पाहिलेला नव्हता.

जालन्यापर्यंत हा माल येण्याचा राजमार्ग बहुधा लोहमार्गाचाच असावा. मळवली हे मुंबई-पुणे रेल्वेवरचे स्टेशन, आणि १९०० च्या सुमारास मनमाडपासून सिकंदराबादपर्यंत हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे सुरू झाल्यावर जालन्याचा कापूस आणि भुसार माल ज्या वाटेने मुंबईकडे जाऊ लागला, त्याच वाटेने मुंबईच्या शौकाच्या वस्तू परत येऊ लागल्या. जालना तेव्हा निजामाच्या मुलखात होते. बाजारात निजामाचे हाली सिक्का हे नाणे चाले, आणि इंग्रजी हद्दीतून आलेल्या मालावर करोडगिरीच्या नाक्यावर जकात भरावी लागे. अशी जकात सोसूनही लोक कागदाची चित्रे घेत होते, यावरून त्या चित्रांचे वेड किती खोलवर गेले होते याची कल्पना यावी.

नवीन जालन्यातल्या एका जुन्या पेढीच्या वरच्या मजल्यावर अशी एक तसबीर मला सावकाश पाहता आली. झाडाला टांगलेल्या झोपाळ्यावर बसलेली, मोकळ्या केसांची, वाऱ्यावर पदर सोडलेली मोहिनी. मोहिनी हे विष्णूचे रूप. पण चित्रात शंख नाही, चक्र नाही, चार हातही नाहीत, त्यामुळे हिला देव मानावे की नाही याचा निर्णय त्या घराला तीन पिढ्यांत करता आलेला नव्हता, आणि काचेवर कपाळाच्या जागी वाळलेल्या कुंकवाचा एक पुसट डाग मात्र होता.

"आमची आजी कुंकू लावायची," घरमालक म्हणाले, "आणि आजोबा हसायचे. म्हणायचे, अगं, ही मुंबईची गाणारी बाई आहे."

"नाव सांगत असत का?"

"अंजनीबाई म्हणत. पण साहेब, त्यांनी तरी कुठं पाहिलं होतं तिला!"

चौकटीच्या मागची फळी काढली तेव्हा खालचा पांढरा पट्टा चौकट करणाराने कापून टाकलेला आढळला. छापखान्याचे नाव, पत्ता, चित्राचे शीर्षक हे सारे त्याच पट्ट्यावर असते. भिंगातून पाहता गालावरचे ठिपके लहानमोठे, हाताच्या चालीने पडलेले, कोठे दाट तर कोठे विरळ असे दिसत होते. पुढच्या काळातल्या ऑफसेट छपाईत हेच ठिपके एकाच मापाच्या जाळीत शिस्तीने बसलेले असतात. म्हणजे कागद शिळेवरचा आहे, याविषयी संशय उरला नाही. अंजनीबाईंविषयी मात्र तो उरतोच.

तो कसा, हे तारखांकडे पाहिले की स्पष्ट होते. ज्या चित्रांसाठी अंजनीबाई बसल्या असे सांगितले जाते, त्यांत स्वरबत हे तंतुवाद्य वाजविणारी स्त्री आणि चांदण्यातील स्त्री यांची नावे आवर्जून येतात, मोहिनीचेही येते. त्यांपैकी स्वरबतवादिनीचे प्रसिद्ध चित्र १८७४ चे, म्हणजे अंजनीबाईंच्या जन्माच्या नऊ वर्षे आधीचे. चांदण्यातली स्त्री १८८९ ची. तेव्हा त्या सहा वर्षांच्या. मोहिनी १८९४ च्या सुमाराची मानली, तर त्या अकरा वर्षांच्या. सहा वर्षांच्या पोरीवरून प्रौढ विरहिणी रंगविता येत नाही, आणि न जन्मलेल्या मुलीवरून तर काहीच रंगविता येत नाही.

मग सारी कथाच खोटी म्हणावी काय? मला तसे वाटत नाही. रविवर्म्यांना लोकप्रिय विषय पुन्हा पुन्हा रंगविण्याची सवय होती, विसाव्या शतकाच्या पहिल्या वर्षांत ते आणि त्यांचे बंधू सी. राजराजवर्मा मुंबईत काम करीत होते, आणि त्याच वर्षांत अंजनीबाईंचे नाव गाजू लागले होते. तेव्हा एखाद्या उत्तरकालीन आवृत्तीसाठी त्या बसल्या असणे पूर्णपणे संभवनीय आहे. कुलीन घरातली स्त्री तेव्हा परक्या चित्रकारासमोर बसत नसे, त्यामुळे चित्रकारांना कलावंतांच्या घराण्यांकडेच वळावे लागे. शिवाय शिळेवर चित्र उतरविणारा कारागीर मूळ चेहरा जसाच्या तसा राखीलच असा काही करार नव्हता. माझा निर्णय असा की, अंजनीबाई रविवर्म्यांसमोर बसल्या असाव्यात, परंतु ज्या गाजलेल्या चित्रांवर त्यांचे नाव चिकटविले जाते त्यांच्या मूळ आवृत्तींसाठी त्या बसलेल्या नाहीत.

या घोटाळ्याचे मूळ छापखान्यातच आहे. चित्राखाली चित्रकाराचे नाव छापले जाई, छापखान्याचा पत्ता छापला जाई, हक्क राखून ठेवल्याची तंबीही छापली जाई. जिचा चेहरा घरोघर विकला जात होता तिचे नाव मात्र कोठेच नसे. जागा रिकामी राहिली आणि लोकांनी ती आपल्या ऐकीव माहितीने भरली. कलकत्त्याच्या गौहरजानची गोष्ट वेगळी. १९०२ मध्ये ग्रामोफोनवर गाणाऱ्या या बाईचे चित्र ऑस्ट्रियात तयार झालेल्या काड्यापेटीवर झळकले, आणि ती गौहरजान आहे म्हणूनच झळकले. बालगंधर्वांची छायाचित्रेही बालगंधर्वांची म्हणूनच खपत. अंजनीबाईंच्या वाट्याला बिननावाची कीर्ती आली.

त्यांना स्वतःला या कीर्तीची फारशी मातब्बरी वाटत असेल असे त्यांच्या पुढच्या आयुष्यावरून दिसत नाही. १९२० मध्ये गुरू निवर्तले आणि १९२३ मध्ये, चाळिशीतच, त्यांनी मैफलींचा संन्यास घेतला. त्यानंतरचे दीर्घ आयुष्य विद्यादानात गेले. कुमार गंधर्व, किशोरी आमोणकर, त्र्यंबकराव जानोरीकर यांसारख्यांनी त्यांच्याकडून विद्या घेतली. १९५८ मध्ये संगीत नाटक अकादमीची फेलोशिप त्यांना मिळाली, आणि तो सन्मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. १९७४ मध्ये, म्हणजे मळवलीचा छापखाना जळून गेल्यावर दोन वर्षांनी, त्यांचे निधन झाले.

आता या तसबिरींना बाजारात भाव येऊ लागला आहे, आणि भावाबरोबर लबाडीही आली आहे. चहाच्या पाण्यात बुडवून पिवळ्या केलेल्या नव्या प्रती जुन्या म्हणून खपविल्या जातात. भिंगाची कसोटी वर सांगितलीच आहे. खालचा पट्टा शाबूत असेल आणि त्यावर कार्ला-लोणावळा हा पत्ता असेल, तर प्रत मळवलीच्या काळातली. मुंबईचा पत्ता असेल, तर बहुधा त्याआधीची. काही प्रतींवर घरच्या बायकांनी जर, टिकल्या आणि कापडाचे तुकडे चिकटवून पात्रांना खरोखरीची वस्त्रे नेसविलेली असतात. दलाल त्यांना खराब माल म्हणून भाव पाडतात, पण माझ्या मते संग्रहात पहिला मान त्यांचाच, कारण छापलेल्या हजारो कागदांत तेवढाच एक कोणीतरी आपल्या हाताने वेगळा केलेला असतो.

जालन्यातल्या आणि एकूणच मराठवाड्यातल्या जुन्या घरांच्या मालकांना एवढीच विनंती आहे की, माळ्यावरची तसबीर ओल्या फडक्याने पुसू नका, तिला प्लास्टिकचे आवरण चढवू नका, उन्हाच्या भिंतीवर टांगू नका. मागची जुनी फळी कसरीने खाल्ली असेल तर ती बदलून आम्लरहित पुठ्ठा लावून घ्या. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना ती कोणी, कोठून आणि केव्हा आणली असे ऐकलेले आहे ते विचारून, ऐकीव ते ऐकीव म्हणूनच, तारखेसह एका कागदावर लिहून तसबिरीबरोबर ठेवा.