यार्डावरचे बॉम्ब आणि यार्डाशेजारची माणसे

६ मार्च १९४४च्या रात्री ब्रिटिश हवाई दलाच्या सुमारे २६० हॅलिफॅक्स विमानांनी पॅरिसच्या नैर्ऋत्येकडील ट्राप या गावाच्या रेल्वे यार्डावर बॉम्ब टाकले. एकही विमान पडले नाही. यार्ड मात्र असे उद्ध्वस्त झाले, की कित्येक आठवडे तिथून सुरळीत वाहतूक होऊ शकली नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या इतिहासात या हल्ल्याला फार मोठी जागा मिळत नाही. पण पुढच्या वर्षभरात अवजड बॉम्बफेकी विमानांनी शत्रूच्या रेल्वेवर जे हल्ले केले, त्यांचा मागोवा घ्यायचा तर सुरुवात इथूनच करावी लागते.

कारण ट्रापचा हल्ला ही एक परीक्षा होती. बॉम्बर कमांडचे प्रमुख आर्थर हॅरिस यांचे म्हणणे होते, की त्यांची विमाने रात्री शहरासारखे अवाढव्य लक्ष्यच गाठू शकतात. रेल्वे यार्डासारखी नेमकी जागा त्यांच्या आवाक्यात नाही. अमेरिकन सेनानी कार्ल स्पाट्झ यांना जर्मनीचे तेलाचे कारखाने उडवायचे होते. या दोघांपुढे उभे होते सॉली झुकरमन. ते मूळचे प्राणिशास्त्रज्ञ. सिसिली आणि दक्षिण इटलीतल्या हल्ल्यांचा त्यांनी जागेवर जाऊन अभ्यास केला होता. त्यांचा निष्कर्ष सोपा होता. नुसते रूळ उखडून उपयोग नाही, ते दोन दिवसांत पुन्हा टाकता येतात. मोठ्या यार्डात मात्र इंजिनांची शेड असते, दुरुस्तीचे कारखाने, टर्नटेबल, पाण्याची सोय, सिग्नल आणि सांध्यांचे जाळे असते. हे सगळे मोडले, की रूळ शाबूत असूनही गाडी हलत नाही. आयझेनहॉवर यांचे उपप्रमुख आर्थर टेडर यांनी हा विचार उचलून धरला आणि २५ मार्चच्या बैठकीत आयझेनहॉवर यांनी त्याच्या बाजूने कौल दिला. नॉर्मंडीवर सैन्य उतरण्यापूर्वी फ्रान्स आणि बेल्जियममधली ८०च्या आसपास रेल्वे केंद्रे निकामी करायची, असे ठरले.

मग प्रश्न आला माणसांचा. यार्डे गावातच असतात आणि ही गावे शत्रूची नव्हती. ज्यांना सोडवायचे होते, त्यांचीच होती. मृत आणि जखमी मिळून ८० हजार ते एक लाख ६० हजार फ्रेंच आणि बेल्जियन नागरिक बळी पडतील, असा सुरुवातीचा एक अंदाज ब्रिटिश युद्धमंत्रिमंडळापुढे होता. चर्चिल हादरले. ज्या केंद्रांभोवती दाट वस्ती होती ती यादीत शेवटी ढकलली गेली. मृतांचा आकडा १० हजारांच्या पुढे जाऊ नये, असा आग्रह चर्चिल यांनी धरला. ७ मे रोजी त्यांनी रूझवेल्ट यांना पत्र लिहून चिंता कळवली. सेनापतींच्या हातावर बंधने घालायला रूझवेल्ट यांनी ११ मे रोजी नकार दिला. दहा हजार हा आकडा आज वाचतानाही अंगावर काटा येतो. तरीही कोणाच्या तरी जिवाचा हिशेब मांडला जात होता, हे विसरता कामा नये.

तो हिशेब जमिनीवर कसा उतरला, हे लीलमध्ये दिसते. ९ एप्रिलच्या रात्री २३९ विमानांनी तिथल्या देलिव्हरान्स माल यार्डावर हल्ला केला. यार्डात उभ्या असलेल्या २,९५९ वाघिणींपैकी २,१२४ नष्ट झाल्या. लष्करी हिशेबाने हे घवघवीत यश. पण पहिल्या महायुद्धानंतर रेल्वे कंपनीने यार्डाला लागूनच आपल्या कामगारांसाठी मोठी वसाहत उभारली होती. भुसावळची रेल्वे कॉलनी पाहिलेल्या वाचकाला ती डोळ्यांसमोर आणता येईल. शेडची पाळी संपवून माणूस चालत घरी पोहोचेल, एवढेच अंतर. त्या रात्री मुख्यतः या लोम उपनगरात ४५६ फ्रेंच माणसे मेली आणि सुमारे ५ हजार घरांची पडझड झाली. नऊ दिवसांनी पॅरिसजवळच्या न्वाझी-ल-सेकमध्ये ४६४ जण गेले, तर २० एप्रिलच्या रात्री पॅरिसच्या ला शापेल यार्डाभोवती सहाशेहून अधिक.

तरीही अचूकता वाढत गेली, हेही तितकेच खरे. इंग्लंडमधल्या दोन केंद्रांच्या रेडिओ संकेतांवर चालणाऱ्या 'ओबो' यंत्रणेने मॉस्किटो विमान लक्ष्याच्या नेमके वर येई आणि रंगीत खुणेचे बॉम्ब टाकी. लेनर्ड चेशायर यांच्यासारखे वैमानिक तर अगदी खाली उतरून खूण करत. वर घिरट्या घालणारा मास्टर बॉम्बर रेडिओवरून सांगे, की लाल खुणेवर टाका, हिरव्या सोडा. या विमानांमधली तरुण मुलेही सुरक्षित नव्हती. सुरुवातीला फ्रान्सवरचे उड्डाण सोपे समजून ते वैमानिकांच्या ठरलेल्या मोहिमांच्या हिशेबात एक तृतीयांश मोहीम धरले जाई. मे महिन्यात विमाने मोठ्या संख्येने पडल्यावर तो नियम गेला.

या काळातली एक रात्र मला सगळ्यांत मोलाची वाटते. १४ जुलै १९४४. पूर्व फ्रान्समधल्या रव्हिन्यी जंक्शनवर हल्ला होता. अंधारात यार्ड नीट ओळखता येईना. बॉम्बफेक झालीच नाही आणि विमाने परत फिरली. त्या रात्री सात लँकेस्टर विमाने पडली. प्रत्येक विमानात साधारण सात माणसे. एवढी किंमत मोजूनही, लक्ष्य दिसत नाही म्हणून बॉम्ब टाकायचे नाहीत, हा निर्णय पाळला गेला. त्या महिन्यात रव्हिन्यीवर तीन वेळा जावे लागले आणि एकूण ४१ लँकेस्टर गेली.

योजना यशस्वी झाली का? झाली. जूनच्या सुरुवातीच्या दिवसांत फ्रान्समधली रेल्वे वाहतूक वर्षारंभीच्या निम्म्याच्याही खाली आली होती. यात सीन नदीवरचे पूल पाडणाऱ्या लहान विमानांचा आणि घातपात करणाऱ्या फ्रेंच रेल्वे कामगारांचाही मोठा वाटा होता. पूर्व आघाडीवरून निघालेल्या नवव्या आणि दहाव्या एसएस पँझर डिव्हिजनना १२ जूनला हुकूम मिळाला. नॉर्मंडीत त्या लढायला उतरल्या महिनाअखेरीला. किनाऱ्यावर पाय रोवू पाहणाऱ्या सैन्याला मिळालेले हे दिवस अमूल्य होते.

त्यानंतर हीच मोहीम जर्मनीत शिरली. रूरचा कोळसा खाणींच्या तोंडाशी अडकून पडू लागला आणि नोव्हेंबर १९४४मध्ये जर्मनीचे शस्त्रास्त्र मंत्री अल्बर्ट श्पेअर यांनी वाहतूक कोलमडत असल्याचा इशारा हिटलरला दिला. लष्करीदृष्ट्या हेही यशच. पण इथे चर्चिल यांनी कोणताही आकडा घालून दिला नव्हता. ढगाळ दिवशी रडारच्या भरवशावर गावावर टाकलेले बॉम्बही अमेरिकन नोंदींत 'रेल्वे यार्ड' या नावाखाली जाऊ लागले. १३ फेब्रुवारी १९४५ रोजी ड्रेस्डेनवर विमाने गेली, तेव्हा रेल्वेचे मोठे केंद्र हे एक कारण सांगितले गेले. मात्र ब्रिटिश विमानांनी त्या रात्री खुणेसाठी धरले होते जुन्या शहरालगतचे क्रीडांगण. फ्रीडरिखश्टाट यार्ड हे त्यांचे लक्ष्य नव्हतेच. मृतांची संख्या २५ हजारांपर्यंत गेली आणि काही दिवसांत शहरातून गाड्या पुन्हा धावू लागल्या.

हॅरिस म्हणाले होते, की नेमके यार्ड मारता येणार नाही. त्यांच्याच वैमानिकांनी ते मारून दाखवले. त्यामुळे १९४५मध्ये शहरे जाळण्यामागे तांत्रिक नाइलाज होता, हा बचाव माझ्या लेखी टिकत नाही. फ्रान्समध्ये संयम पाळता आला, कारण मरणारी माणसे आपली मानली गेली. जर्मनीत ती तशी मानली गेली नाहीत. हे म्हणताना नाझी राजवटीचे क्रौर्य मी कणभरही कमी लेखत नाही. ती राजवट मोडणे गरजेचेच होते. पण रव्हिन्यीवरून बॉम्ब न टाकता परतलेल्या मुलांनी जो नियम पाळला, तो शत्रूच्या गावालाही लागू व्हायला हवा होता.

आजही युद्धाच्या बातम्यांत रेल्वे स्थानके आणि जंक्शने 'लष्करी लक्ष्य' म्हणून येतात. कधी ते खरे असते, कधी नसते. अशी बातमी वाचाल तेव्हा दोनच गोष्टी विचारा: नेम नक्की कशावर धरला होता आणि शेजारच्या घरांतली माणसे आधी कोणी मोजली होती का? उत्तर मिळेपर्यंत त्या शब्दावर विश्वास ठेवू नका.