क्षणाचे फूल, काळाचे चित्र

कोलकात्यात हुगळीच्या पूर्व तीरावर फोर्ट विल्यम हा किल्ला उभा आहे. प्लासीच्या लढाईनंतर त्याचे बांधकाम सुरू झाले आणि 1781 च्या सुमारास ते पूर्ण झाले. आज तेथे भारतीय लष्कराच्या पूर्व विभागाचे मुख्यालय असून, अलीकडे लष्कराने या किल्ल्याला कोकणातील विजयदुर्गाचे नाव दिले आहे. तोफा आणि खंदक यांच्या या परिसराचा फुलांच्या चित्रांशी काही संबंध असेल, असे सहसा कोणाच्या मनात येणार नाही. तो संबंध मात्र जुना आहे, आणि त्याचा एक धागा थेट मराठी भाषेपर्यंत पोहोचतो.

कंपनी सरकारच्या लष्करी खात्यातील अधिकारी कर्नल रॉबर्ट किड यांच्या प्रस्तावावरून 1787 मध्ये नदीच्या पलीकडे, शिबपूर येथे वनस्पती उद्यान स्थापन झाले. आज ते आचार्य जगदीशचंद्र बोस यांच्या नावाने ओळखले जाते. 1793 मध्ये डॉ. विल्यम रॉक्सबर्ग उद्यानाचे प्रमुख झाले. वनस्पती वाळवून जपता येतात. परंतु वाळताना फुलाचा रंग उडतो आणि पाकळ्यांचा डौल नाहीसा होतो. यावर उपाय म्हणून रॉक्सबर्ग यांनी भारतीय चित्रकारांकडून ताज्या फुलांची रंगीत चित्रे काढून घेतली. या चित्रांची संख्या अडीच हजारांच्या वर गेली. त्यांचा एक संच भारतात राहिला, तर दुसरा लंडनजवळच्या क्यू उद्यानात आहे.

त्याच काळात, 1800 साली, फोर्ट विल्यम कॉलेज स्थापन झाले. तेथे विल्यम केरी बंगाली, संस्कृत आणि मराठी शिकवीत. पंडित वैजनाथ शर्मा यांच्या साहाय्याने त्यांनी 1805 मध्ये मराठीचे व्याकरण आणि 1810 मध्ये मराठी शब्दकोश सिद्ध केला. हेच केरी हाडाचे बागवान होते. श्रीरामपूरची आपली बाग त्यांनी अनेक वर्षे खपून उभी केली होती. 1823 च्या महापुरात ती वाहून गेली, तरी वयाच्या साठीनंतर त्यांनी ती पुन्हा लावली. रॉक्सबर्ग यांचा भारतीय वनस्पतींवरील ग्रंथही त्यांच्या निधनानंतर केरींनीच छापून प्रसिद्ध केला.

या स्नेहाची खूण सह्याद्रीतही आढळते. आपल्या रानातील कुंभा या वृक्षाला रॉक्सबर्ग यांनी ‘केरिया आर्बोरिया’ असे शास्त्रीय नाव दिले. वसंतात जवळजवळ निष्पर्ण झालेल्या कुंभ्याला मोठी पांढरट फुले येतात आणि त्यांत पुंकेसरांचा दाट झुबका असतो. ही फुले रात्री उमलतात आणि उजाडल्यावर गळू लागतात. उन्हे वर येईपर्यंत झाडाखाली त्यांचा सडा पडतो. मराठीला छापील व्याकरण देणाऱ्या अभ्यासकाचे नाव अशा एका रात्रीच्या फुलाशी कायमचे जोडले गेले आहे.

फूल इतके अल्पजीवी का असते? पाकळ्या पातळ असतात. पेशींत पाणी भरून आलेल्या ताणामुळे त्या उमलतात आणि ताठ राहतात. फूल जपण्यासाठी झाडाला पाणी आणि अन्न सतत खर्चावे लागते. कीटक, पक्षी किंवा वटवाघुळे यांना बोलावून परागीभवन साधणे, हे पाकळीचे काम. ते झाले की अनेक वनस्पतींत इथिलीन नावाचा वायुरूप संप्रेरक तयार होतो, पाकळ्यांतील अन्नद्रव्ये परत घेतली जातात आणि पाकळी कोमेजते. म्हणजे कोमेजणे हा फुलाच्या जीवनक्रमाचाच शेवटचा टप्पा आहे आणि पुढच्या फळाची ती सुरुवातही आहे.

येथेच चित्रकार आणि छायाचित्रकार यांच्या वाटा वेगळ्या होतात. रॉक्सबर्ग यांच्या चित्रकाराला कळी, उमललेले फूल आणि फळ एकाच कागदावर दाखवता येत असे. त्याच्या कागदावर अनेक महिने एकत्र नांदत. कॅमेऱ्याला मात्र एकच क्षण मिळतो. अमेरिकन छायाचित्रकार इमोजेन कनिंगहॅम यांनी 1925 च्या सुमारास टिपलेले मॅग्नोलियाचे फूल प्रसिद्ध आहे. केवळ कृष्णधवल छटांत असलेल्या या छायाचित्रात फुलाचा गाभा चौकटभर पसरलेला दिसतो. पाहणाऱ्याला रंगाची उणीव जाणवत नाही, कारण प्रकाशाने पाकळीचा पोत उलगडून दाखवलेला असतो.

हौशी छायाचित्रकारालाही हे साधता येते. भर दुपारच्या उन्हाऐवजी सकाळचा तिरपा किंवा खिडकीतून येणारा मंद प्रकाश निवडावा. जवळून टिपताना थोडासाच भाग स्पष्ट येतो. म्हणून कॅमेरा तिपाईवर ठेवून केंद्रबिंदू विचारपूर्वक ठरवावा. पार्श्वभूमीला एखादे गडद कापड पुरते. फूल तोडण्याची गरज नाही. शक्य तर एकच फूल कळीपासून गळून पडेपर्यंत रोज त्याच जागेवरून टिपावे. कडा मुडपलेली, शिरा उठून दिसणारी पाकळी ताज्या पाकळीइतकीच देखणी असते, हे अशा मालिकेतून उमगते.

रॉक्सबर्ग यांच्या संग्रहातील बहुतेक चित्रकारांची नावे आज उपलब्ध नाहीत. दिवसभरात मिटून जाणाऱ्या फुलांना त्यांनी दोन शतकांचे आयुष्य दिले, आणि स्वतः मात्र ते अनामिक राहिले. त्यांच्या नजरेतील एकाग्रता मात्र कागदावर अजून ताजी आहे. फूल टिकत नाही आणि ते टिपणाराही टिकत नाही. दोघांच्या भेटीत मन लावून पाहिलेला एक क्षण तेवढा मागे उरतो. येत्या वसंतात एखाद्या पहाटे कुंभ्याखाली उभे राहणाऱ्याला तो क्षण स्वतःचा करून घेता येईल, मग हाती कॅमेरा असो वा नसो.